तांब्याचा रेडिएटर

मांडवगण फराट्याच्या शिवारात आमची वस्ती. दोन पक्क्या खोल्या, पुढे ओसरी आणि बाजूला पत्र्याची एक खोली. त्या पत्र्याच्या खोलीत ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, जॉइनरच्या पिशव्या आणि ॲसिडचे कॅन असत. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, आसपासच्या गावांत ठिबक बसवून द्यायचे. त्यांच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली, वर्षातले आठ महिने बिऱ्हाड घोड्यावर. आप्पांनी मेंढरं सोडली, थोडी जमीन धरली आणि एका फिटरच्या मागे हिंडून नळ्या जोडायला शिकले. पाणी कुठं चढेल आणि कुठं अडेल हे त्यांना रानावर नुसती नजर टाकून कळायचं. मी पुण्यातला ॲनिमेशनचा कोर्स संपवून घरी आलो तेव्हा त्यांनी सगळी भेंडोळी बाहेर लिंबाखाली नेऊन ठेवली आणि ती खोली मला झाडून दिली. माझं काम काय असतं याचा त्यांना पत्ता नव्हता. कुणी विचारलं की सांगत, "पोरगं कम्प्युटरवर कायतरी करतंय. बसून असतंय." त्यात चेष्टा नसायची. त्यांना खरंच तेवढंच दिसायचं.

हे लिहायला बसलोय खरा, पण हल्ली नुसतं बसणंही जड जातं. मी आता एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चिलर सांभाळतो, म्हणजे यंत्रांना थंड ठेवणारं पाणी फिरवायची यंत्रं. पाळ्या बदलून बदलून झोपेचं खोबरं झालंय, कंबर गेलीय, आणि गेल्या कित्येक वर्षांत मी एकही चित्र हलवलेलं नाही. ज्या उन्हाळ्याबद्दल सांगणार आहे तो नसता तर काय झालं असतं, असा विचार पूर्वी करायचो. आता तेवढीही ताकद राहिली नाही. पण एक गोष्ट सांगून टाकायची आहे आणि ती या प्रकरणातच येईल.

पुण्याच्या एका स्टुडिओनं मला सांगितलं होतं की तू एकट्यानं केलेली एक मिनिटाची फिल्म आणून दाखव, आवडली तर कामावर ये. सोमवारची तारीख दिली होती, हातात महिना-सव्वा महिना होता. मी विषय घेतला तो घरातलाच. मेंढरांचा कळप नदीच्या उथळ पात्रातून पलीकडं जातोय, एवढंच. गाढवपणा असा की मेंढीच्या अंगावर लोकर असते आणि संगणकाला लोकरीइतकं जड काही नाही. एकेक केस त्याला वेगळा रंगवावा लागतो. एका मिनिटाची दीड हजार चित्रं, आणि एकेक चित्र तयार व्हायला आठ-दहा मिनिटं. चैत्र-वैशाखाचे दिवस, वर पत्रा, खोलीत दुपारी हात ठेवू तिथं चटका. तीस-चाळीस चित्रं झाली की संगणक तापून आपोआप बंद पडायचा. मी टेबलफॅन लावला, संगणकाच्या डब्याचं झाकण काढून ठेवलं, ओली पोती खिडकीला बांधली. आई म्हणाली, "म्हशीला एवढं करत न्हाई आपण." त्यातून वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. हिशोब जमेना.

पाण्यानं संगणक थंड करता येतो हे मी शिरूरच्या एका नेट कॅफेत वाचलं. परदेशातली मुलं असले संगणक घरी जोडतात, पारदर्शक नळ्या, आत रंगीत पाणी, फोटो बघून डोळे फिरायची पाळी. तयार सामान आपल्याकडं मिळणं शक्य नव्हतं. घरी येऊन जेवताना मी सहज बोललो. आईनं हुलग्याची शेंगोळी केली होती, आप्पांचा हात वाटीतच थांबला. मी सांगितलं की गरम होणाऱ्या भागावर तांब्याची पोकळ चकती बसवायची, तिच्यातून पाणी फिरवायचं, ते पाणी रेडिएटरमध्ये न्यायचं, पंख्यानं थंड करायचं आणि परत चकतीत सोडायचं. आप्पांनी एवढंच विचारलं, "पंप किती हेडचा लागंल?" म्हणजे पाणी किती उंच चढवणारा. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल त्यांनी विचारलेला तो पहिला नेमका प्रश्न. मला हसू आलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं त्या खोलीत. शिरूरला एका लेथवाल्याकडून तांब्याच्या जाड पट्टीत नागमोडी खाच पाडून आणली, त्यावर ॲक्रिलिकचं झाकण स्क्रूनं आवळलं. पंप माशांच्या टाकीचा. तो आणला तेव्हा आईनं विचारलं, "मासं कवा सोडताय?" टाकी म्हणून लोणच्याची बरणी, तिचं झाकण भोक पाडून घट्ट केलेलं. नळी गवंडी लोक लेव्हल बघायला वापरतात ती, पारदर्शक. ती जोडायला आप्पांनी आपले ठिबकचे भोकात घट्ट बसणारे रबरी ग्रोमेट आणि नळीला नळी जोडायचे बारके जॉइनर काढले. नळीचं टोक गरम पाण्यात धरून मऊ करायचं आणि मग एका दमात सरकवायचं, ही त्यांची पद्धत. मी दहा मिनिटं झटापट करायचो, ते तेवढ्यात चार सांधे बसवून बिडी पेटवायला बाहेर जायचे. बिडी खोलीत कधीच ओढली नाही. "इथं तुझं काम हाय," म्हणायचे.

रेडिएटर तेवढा राहिला. आप्पांनी बजावलं, "तांब्याचाच आण. अल्युमिनचा घिऊ नगं. तांब्याच्या शेजारी अल्युमिन टिकत न्हाई, आन् आपलं पाणी बी बेकार हाय." दौंडला रेल्वे पुलाच्या अलीकडं एक भंगारवाले चाचा होते, त्यांच्याकडं जुन्या गाड्यांचे सुटे भाग असायचे. त्यांनी दोन रेडिएटर समोर ठेवले. एक तांब्याचा, वजनदार, ठिकठिकाणी हिरवा पडलेला. दुसरा अल्युमिनचा, हलका, सरळ, स्वस्त. चाचा म्हणाले, "तांबेवाला ले जा बेटा, पुराना है पर सच्चा है." मी अल्युमिनचा घेतला. वाचलेल्या पैशात दौंडच्या बाजारातून निळे दिवे लागणारा एक पंखा घेतला, कारण फोटोतल्या सगळ्या संगणकांना तसा पंखा होता. मग काळ्या रंगाचा स्प्रे घेतला आणि एसटी स्टँडच्या मागे उभं राहून रेडिएटरला दोन हात दिले. वाळेपर्यंत तिथंच चहा घेतला. घरी आल्यावर आप्पांनी तो उचलून बघितला आणि म्हणाले, "हलका वाटतोय रं. तांब्याचा हाय ना?"

मी म्हणालो, "तांब्याचाच. नवीन पद्धतीचा आहे."

त्यांनी मान हलवली. तो विषय तिथं संपला. वीस-बावीस वर्षांच्या पोरानं बापाला थाप मारली, त्यात काय मोठंसं, असं मला त्या वेळी वाटलं असणार. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. निळा पंखा कधी लावतो असं झालं होतं.

रेडिएटर मी डब्याच्या डोक्यावर बसवला, फोटोत तसा होता म्हणून. आप्पा म्हणाले की पाण्याची वस्तू विजेच्या वस्तूच्या वर ठेवू नये, पण मी ऐकलं नाही. मात्र त्यांच्या एका अटीपुढं माझं काही चाललं नाही. "आधी एक आख्खा दिवस नुसतं पाणी फिरव. खाली कागद घाल. कागद कोरडा राहिला तर मग तुझी वीज." कुठल्याही रानात नवीन लाइन टाकली की ते असंच करायचे, पाणी सोडून दिवसभर सांध्या-सांध्यावरनं हिंडायचे. आम्ही जुने पेपर अंथरले, बॅटरीचं पाणी, म्हणजे बाटलीत मिळतं ते क्षार नसलेलं शुद्ध पाणी भरलं, पंप लावला. आप्पा दर तासाला येऊन पेपरवरनं हात फिरवत. संध्याकाळी म्हणाले, "लाव आता." मी बटण दाबलं. पंखा निळा झाला, पंपाची बारीक घरघर सुरू झाली, आणि पहिल्या चाळीस चित्रांनंतर संगणक चालूच राहिला. साठ झाली, ऐंशी झाली. तांब्याच्या चकतीला बोट लावलं तर कोमट.

त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले चांगले होते. एवढं थकलेलं मन आहे माझं, पण ते दिवस आठवले की बरं वाटतं. आप्पा सकाळी रानात जायच्या आधी आणि आल्यावर खोलीत डोकवायचे, आधी बरणीतली पातळी बघायचे, मग पडदा. एकदा बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "मेंढरं अशी जात न्हाईत पाण्यात. म्होरली थांबती. मग मागली तिच्या मांडीखाली डोकं घालत्यात, आन् आख्खा कळप उभा ऱ्हातो. एक बकरं आधी उतरवाय लागतंय." त्यांनी खुर्ची ओढली आणि हाताच्या बोटांनी टेबलावर दाखवलं, कोण कुठं थांबतं, कोण कुणाला रेटतं. मी झालेली दोनशे चित्रं टाकून दिली आणि परत केली. माझी फिल्म चांगली होत होती हे मला पहिल्यांदा तेव्हा कळलं. चांगली होण्यात निम्मं त्यांचं होतं.

साधारण तेराशे चित्रं झाली असतील. पारदर्शक नळीच्या आतून पांढुरका थर धरू लागला आणि पाणी दुधाळ झालं. पंपाचा आवाज जड येऊ लागला. आज मी कुणालाही झोपेत सांगीन की तांबं आणि अल्युमिन एका पाण्यात राहिली की अल्युमिन झिजतं आणि त्याचा असा पांढरा गाळ होतो. माझी नोकरीच ती आहे. तेव्हा मला एवढंच कळत होतं की काहीतरी बिघडतंय. आप्पांनी नळी उजेडात धरली आणि लगेच निदान केलं, "क्षार हाय. तुझ्या आईनं मधी बोरचं पाणी वतलं असंल." आईनं खरंच एकदा बरणी कमी दिसली म्हणून तांब्याभर घातलं होतं. ठिबकची भोकं क्षारानं बुजली की आप्पा लाइनमध्ये ॲसिड सोडायचे. त्यांचा डोस कधी चुकला नव्हता. कागदाची पट्टी बुडवून रंग बघायचे, ठरलेला वेळ थांबायचे आणि लाइनचं टोक उघडून सगळं धुऊन काढायचे. लांबलांबचे लोक त्यासाठी त्यांनाच न्यायला यायचे.

शुक्रवारी सकाळी मी दौंडला गेलो. झालेली चित्रं उतरवून घ्यायला तिथल्या एका दुरुस्तीवाल्याकडून जुनी हार्डडिस्क मिळणार होती. आमच्याकडं वीज चार वाजता येणार होती, त्यामुळं संगणक बंदच होता. परत आलो तेव्हा साडेचार झाले असतील. आप्पा ओसरीत बसले होते, बाह्या वर केलेल्या, चेहऱ्यावर काम पार पडल्याचं समाधान. म्हणाले, "जा बघ जा. आरशावानी केलीया नळी."

नळी खरंच स्वच्छ दिसत होती. पाणी नितळ. आप्पा मागं येऊन उभे राहिले. "ॲसिड दिलं थोडं. लई क्षार व्हता, लई बुडबुडं आलं. मग तीनदा धुतलं आन् बॅटरीचं पाणी भरलं. तांब्याला एवढ्या डोसानं काय व्हत न्हाई."

मी तिथं उभा होतो, एसटीचा घाम अंगावर, पिशवीत हार्डडिस्क. काळ्या रेडिएटरकडं बघत होतो. अल्युमिनला ॲसिड लागलं की बुडबुडे येतात आणि ते विरघळत जातं, हे मला शाळेच्या प्रयोगापासून ठाऊक होतं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. मला एवढंच म्हणायचं होतं, आप्पा, तो तांब्याचा नाही, खाली उतरवू आणि बघू. तेवढं म्हटलं असतं तर रेडिएटर फुकट गेला असता, दौंडची आणखी एक फेरी पडली असती आणि फिल्म वाचली असती.

आप्पा म्हणाले, "कागद घालतो. दिवसभर नुसतं पाणी फिरवू, मग लाव."

मी म्हणालो, "नको. काही गरज नाही. वेळ नाही माझ्याकडं." गळती दिसली असती तर रेडिएटर काढावा लागला असता, त्यांनी तो हातात घेतला असता, नखानं खरवडला असता. डिस्कवर चित्रं नंतर घेऊ म्हणालो आणि बटण दाबलं.

पंधरा-वीस मिनिटं नीट चाललं. आईनं चहा आणला. मग रेडिएटरच्या कडेला काळ्या रंगाखालून ओल आली, एक थेंब, मग सलग धार, सरळ खाली मदरबोर्डवर. ठप् असा आवाज झाला, निळा पंखा विझला आणि जळकट वास सुटला. आप्पांनी धावत जाऊन मेन बंद केला. डब्याच्या तळाशी सगळी चित्रं असलेली हार्डडिस्क होती, ती पाण्यात बसली होती. दौंडच्या दुरुस्तीवाल्यानं नंतर तिच्याकडं बघून नुसती मान हलवली.

त्या संध्याकाळी मी आप्पांना जे बोललो ते पुरतं लिहवत नाही. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. "हे काय उसाचं रान आहे का?" असंही म्हणालो. आई मध्ये पडली तर तिलाही बोललो. आप्पा उभ्या जागेवरून हलले नाहीत. शेवटी म्हणाले, "माझा डोस चुकला आसंल." मी हो म्हणालो नाही आणि नाही म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी तो रेडिएटर स्वतःच गोणीत घालून दौंडला भंगारात देऊन आलो, त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून.

सोमवारी पुण्याला गेलो नाही. नंतरही गेलो नाही. पावसाळ्यात एका ओळखीनं एमआयडीसीत हेल्पर लागलो आणि तिथंच पाण्याच्या लाइनवर हात बसला. तो हात आप्पांकडून आलेला होता, हे सगळे म्हणायचे. आप्पांनी पुढच्या हंगामात कामं कमी केली. आधी ॲसिडची कामं सोडली, मग नवीन लाइन टाकणंही. गुडघे दुखतात म्हणायचे, आणि गुडघे दुखतही असतील. घरात मात्र एक बदल झाला तो मला आवडायचा नाही. मिक्सर, टीव्ही यांना ते विचारल्याशिवाय हात लावायचे नाहीत, पुढं फ्रिज आला तर त्याचं दारसुद्धा उघडायचे नाहीत. "उघडू का?" म्हणायचे, स्वतःच्या घरात.

हे सगळं मी लिहिलंय ते यंदाच्या फाल्गुनातल्या एका दुपारच्या गोष्टीमुळं. मी सुट्टीवर होतो, ओसरीत आप्पांच्या शेजारी पडलो होतो. न्हावऱ्याचा एक शेतकरी गाडीवरून आला. त्याच्या वडिलांच्या काळात आप्पांनीच त्यांची लाइन टाकली होती. कांद्याचं ठिबक पार बुजलंय, आप्पा, एकदा येऊन जा, बसून नुसतं सांगा, आम्ही करतो, असं तो विनवत होता. आप्पांनी चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं, "न्हाई बाबा. ॲसिडला मी हात लावत न्हाई. माझ्या हातानं माझ्या पोराचं वाटुळं झालं. त्येचा कम्प्युटर गेला. तवापास्नं इस्वासच राहिला न्हाई हातावर." त्यांना वाटलं मी झोपलोय. शेतकरी गेला. मी गुडघेदुखीच्या सबबीवर विश्वास ठेवून इतकी वर्षं काढली होती.

उठून बसलो आणि सांगितलं. दौंडचे चाचा, दोन रेडिएटर, स्टँडमागचा स्प्रे, सगळं. बोलायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आप्पांनी माझ्याकडं वळून बघितलं. मग म्हणाले, "अल्युमिनचा?"

"व्हय, आप्पा."

"मला वाटलंच व्हतं तवा. लई बुडबुडं येत व्हतं. क्षाराला एवढं येत न्हाईत. पर तू म्हणला व्हतास तांब्याचा."

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"मंग एवढी वर्सं मी उगाच बसलो," ते म्हणाले. राग नव्हता. एसटी गेली असं स्टँडवर कुणी सांगितल्यावर माणूस म्हणतो, तसं म्हणाले. मला वाटलं शिवी द्यावी, काठी घ्यावी, काहीतरी करावं. त्यांनी विचारलं, "त्या न्हावऱ्याच्या मानसाचा लंबर हाय का तुझ्याकडं? लाव बरं."

फोन लागला. वाटेतच त्याला दुसरा फिटर भेटला होता, उद्याचं काम ठरलंही होतं. आप्पांना ऐकू कमी येतं, म्हणून मी फोन त्यांच्या कानाशी धरून बसलो. "बरं झालं," ते त्याला म्हणाले. "डोस कमी ठिवायला सांग. आन् आधी फिल्टर कशाचा हाय, वाल्व कशाचा हाय, त्ये बघायला सांग." मग श्वास घेऊन म्हणाले, "इचारू नगं म्हणावं कुणाला. खरवडून बघ म्हणावं."